चंद्रकांत पंडित: हरलेला कॅप्टन, जिंकणारा कोच

आजचा भाग एका कोचबद्दल आहे. पण सुरुवात त्याच्या प्लेयर असतानाच्या काळापासून करावी लागेल, कारण त्याशिवाय पुढची गोष्ट कळत नाही. आणि हो, आज आपला विदर्भ येणार आहे, भरपूर येणार आहे. वाशिम, अकोला, नागपूरवाल्यांनी इअरफोन नीट लावा. बाकीच्यांनीही ऐका, मुंबईकरांनी तर नक्कीच, कारण गडी मुळात तुमचाच आहे.

नाव चंद्रकांत पंडित. जन्म ३० सप्टेंबर १९६१, मुंबई. विकेटकीपर आणि बॅट्समन. गुरू कोण, तर रमाकांत आचरेकर सर. सचिन, कांबळी, प्रवीण आमरे, अमोल मुजुमदार, अजित आगरकर ज्यांच्या हाताखालून गेले तेच. आता आचरेकर सरांबद्दल एक गोष्ट लोक विसरतात. ते स्वतः फर्स्ट क्लास क्रिकेटची फक्त एक मॅच खेळले होते, १९६३-६४ मध्ये, स्टेट बँकेकडून. म्हणजे खेळाडू म्हणून करिअर जवळपास शून्य, आणि कोच म्हणून अख्खी पिढी घडवली. फुटबॉलवाल्यांना हे नवीन नाही. मोरिन्होला बघा, आर्सेन वेंगरला बघा. मोठा कोच व्हायला मोठा प्लेयर असावं लागतं, हा समज जगभर खोटा ठरलेला आहे.

पंडित मात्र शून्य नव्हते, अजिबात नाही. ते ‘जवळजवळ’ होते. आणि मला वाटतं ‘जवळजवळ’ असणं शून्य असण्यापेक्षा जास्त टोचतं.

आकडे बघा. भारतासाठी ५ टेस्ट, ३६ वनडे. पहिली टेस्ट १९८६ मध्ये लीड्सला, आणि आपण ती जिंकलो. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये चेन्नईला, तेव्हाच्या मद्रासला, ऑस्ट्रेलियाविरुद्धची ती टाय टेस्ट झाली. टेस्ट क्रिकेटच्या सगळ्या इतिहासात फक्त दोन टाय आहेत, त्यातली ही दुसरी. पंडित त्या टीममध्ये होते. ३५ आणि ३९ काढले. मग १९८७ चा वर्ल्ड कप. वानखेडेवर इंग्लंडविरुद्ध सेमीफायनल, घरचं मैदान. वेंगसरकर आजारी पडले म्हणून पंडितांना जागा मिळाली. ग्रॅहम गूचनं स्वीप मारून मारून ११५ काढले आणि आपण ३५ रननी हरलो. पंडितांचे २४. शेवटी १९९१-९२ चा ऑस्ट्रेलिया दौरा. सिडनीला शास्त्रीनं २०६ काढले, सचिननं नाबाद १४८, आणि शेन वॉर्न नावाच्या एका गोलमटोल पोराचा तो पहिला टेस्ट सामना होता. त्या टेस्टमध्ये आपल्याकडून विकेटकीपर पंडित होते. सुब्रतो बॅनर्जी नावाचा एक बोलर त्याच सामन्यात आपली पहिली आणि शेवटची टेस्ट खेळला. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

म्हणजे मोठ्या क्षणी माणूस हजर आहे, पण फोटोत कडेला आहे. किरण मोरे हे पहिल्या पसंतीचे कीपर होते, त्यामुळे जागा कधी पक्की झालीच नाही. रणजीत मात्र रनांचा डोंगर. फर्स्ट क्लासमध्ये आठ हजारांहून जास्त रन आणि २२ शतकं. आज एवढे आकडे असते तर ट्विटरवर रोज हॅशटॅग चालला असता. तेव्हा ट्विटर नव्हतं, मोरे होते.

आता येऊ या मुद्द्याच्या मॅचवर. करिअरच्या उत्तरार्धात पंडित मध्य प्रदेशकडून खेळायला लागले, कॅप्टनही झाले. १९९८-९९ ची रणजी फायनल. बंगळुरू, चिन्नास्वामी स्टेडियम, समोर कर्नाटक.

रणजी न बघणाऱ्यांसाठी इथं एक नियम सांगतो, कारण आजची सगळी गोष्ट त्यावरच उभी आहे. नॉकआउट मॅच ड्रॉ झाली तर पहिल्या इनिंगमध्ये ज्याचे रन जास्त, तो जिंकला. त्यामुळे पहिल्या इनिंगची आघाडी घेतली की निम्म्याहून जास्त टीम ‘झालं काम’ म्हणून रिलॅक्स होतात. मग फक्त वेळ काढायचा. रणजीचे कितीतरी सामने असेच झोपेत संपतात, खोटं कशाला बोलू.

कर्नाटकच्या पहिल्या इनिंगमध्ये ३०४. मध्य प्रदेशच्या ३७९. आघाडी ७५ ची. म्हणजे पंडितांच्या टीमला ड्रॉ पुरे होता. शेवटच्या इनिंगमध्ये २४७ करा नाहीतर नुसतं टिकून राहा, दोन्हीत कप तुमचाच. टीम १५० मध्ये ऑल आउट. विजय भारद्वाजनं सहा विकेट काढल्या. कर्नाटक ९६ रननी जिंकलं. जो कप हातात आलेला होता, तो सांडला. मध्य प्रदेशनं तोवर रणजी एकदाही जिंकलेली नव्हती, आणि पुढं तेवीस वर्षं जिंकली नाही.

माझा आजचा दावा असा आहे की कोच पंडित त्या दिवशी जन्माला आले. हे त्यांचं वाक्य नाही, माझं आहे. मी स्कोअरकार्ड वाचणारा माणूस, दिवसभर ऑफिसात लॉग फाइल वाचतो आणि रात्री हे. पण पुढच्या वीस-बावीस वर्षांचे स्कोअर समोर ठेवले की एक पॅटर्न दिसतो. तो दाखवतो, मग तुम्हीच ठरवा.

कोच म्हणून सुरुवात मुंबईत. २००२-०३ आणि २००३-०४, सलग दोन रणजी. मुंबईसोबत रणजी जिंकणं म्हणजे काय विशेष, असं तुम्ही म्हणाल, आणि मीही अर्धा म्हणेन. त्यानंतर बरीच वर्षं इकडे तिकडे काम केलं. परत मुंबईत आले आणि २०१५-१६ ला पुण्यात सौराष्ट्राला डावानं हरवून तिसरी रणजी. पुढच्याच सीझनला मुंबई पुन्हा फायनलला, जानेवारी २०१७, इंदूरचं होळकर स्टेडियम. समोर गुजरात. ३१२ चा पाठलाग करताना पार्थिव पटेलनं १४३ काढले आणि मुंबई हरली. एक कप आणि एक फायनल, एवढं दोन सीझनमध्ये देऊनही मुंबईनं कोच बदलला.

आणि मग पंडित आमच्याकडे आले.

इथं थोडं थांबून विदर्भाचं सांगतो. विदर्भाची टीम १९५७-५८ पासून रणजी खेळते. साठ वर्षं. या साठ वर्षांत कप सोडा, फायनलसुद्धा नाही. मी आसेगावचा, मंगरूळपीर तालुका, जिल्हा वाशिम. आमच्याकडे रणजी म्हणजे मुंबईवाल्यांचा कार्यक्रम, असं सगळ्यांचं पक्कं मत. सोयाबीन निघाल्यावर मोकळ्या वावरात टेनिस बॉलनं आम्ही सगळेच खेळायचो, पण तिथून निघून कुणी लेदर बॉलच्या मॅचला टीव्हीवर दिसेल, हे डोक्यातच नव्हतं. विदर्भ बातमीत कधी यायचा? शेतकऱ्यांच्या आत्महत्या, अनुशेष, उन्हाळ्यात पंचेचाळीसच्या वर गेलेला पारा. मग २०११ मध्ये खापरखेड्याचा उमेश यादव टेस्ट खेळला. कोळसा खाणीतल्या कामगाराचा पोरगा. तेव्हा पहिल्यांदा वाटलं, अरे, इथून पण रस्ता आहे.

हे पण सांगायला पाहिजे की पंडित आले तेव्हा इथं ओसाड माळरान नव्हतं. नागपूरला निवासी अकादमी होती, प्रशांत वैद्यसारखी माणसं वर्षानुवर्षं खपत होती, जामठ्याचं स्टेडियम होतं, वसीम जाफर आणि गणेश सतीश हे बाहेरून आलेले अनुभवी लोक टीममध्ये होते. कॅप्टन फैज फजल घरचा. पंडितांनी येऊन जादूची कांडी फिरवली असं जे काही लोक सांगतात ते मला पटत नाही. रान नांगरून तयार होतं. पेरायला माणूस आला.

बोलिंग कोच कोण? सुब्रतो बॅनर्जी. सिडनीच्या त्या टेस्टमधले दोघं, पंचवीस वर्षांनी एकाच डगआउटमध्ये.

सीझन २०१७-१८. क्वार्टर फायनलला केरळला सुरतमध्ये ४१२ रननी उडवलं. मग सेमीफायनल, कोलकाता, ईडन गार्डन्स. समोर कर्नाटक. होय, तेच कर्नाटक. विदर्भ पहिल्या इनिंगमध्ये १८५ ऑल आउट. कर्नाटक ३०१, करुण नायरचे १५३. म्हणजे ११६ रननी आपण मागे. आता वरचा नियम आठवा. मागे पडलेल्या टीमला ड्रॉ चालत नाही, जिंकावंच लागतं. कोणतीही साधारण टीम इथं मान टाकते.

दुसऱ्या इनिंगमध्ये विदर्भानं ३१३ केले. गणेश सतीशनं ८१ काढले, तेही ज्या राज्यातून तो आला त्याच कर्नाटकविरुद्ध. कर्नाटकला हवे १९८. आणि मग रजनीश गुरबानी. राजेहो, हा पोरगा सिव्हिल इंजिनिअर आहे! आपल्या बीटेकवाल्यांच्या वतीनं मला एवढा एकच हिरो मिळालाय, तेव्हा दोन मिनिटं सहन करा. चौथ्या दिवसाच्या शेवटी कर्नाटक ७ बाद १११. शेवटच्या दिवशी ८७ हवेत, तीन विकेट शिल्लक. मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर होतो, मोबाईलवर स्कोअर रिफ्रेश करत. विनय कुमार मारतोय, मिथुन मारतोय, श्रेयस गोपाल एका बाजूनं उभाच आहे, आणि अंतर कमी कमी होत चाललंय. पन्नास. तीस. दहा. हॉस्टेलच्या त्या मजल्यावर कोल्हापूर, नाशिक, नांदेडची पोरं होती. त्यांना काही पडलेलं नव्हतं. आम्ही विदर्भाचे चार जण एका खाटेवर बसून होतो, कुणी जागचं हलत नव्हतं. गुरबानीनं शेवटची विकेट काढली. विदर्भ ५ रननी जिंकला. गुरबानीच्या त्या इनिंगमध्ये ७, सामन्यात १२ विकेट.

फायनल दिल्लीशी. ठिकाण? इंदूर, होळकर स्टेडियम. मुंबईचा कोच म्हणून पंडित जिथं हरले होते, तेच मैदान, वर्षभरानं. उमेश यादव नाही, कारण तो भारतीय टीमसोबत दक्षिण आफ्रिकेला. त्याच्या जागी कोण, तर अकोल्याचा आदित्य ठाकरे, आयुष्यातली पहिलीच फर्स्ट क्लास मॅच. विचार करा, साठ वर्षांत पहिली फायनल, आणि कोच नवख्या पोराला उतरवतो. आणि तो पोरगा अकोल्याचा. वाशिम जिल्हा १९९८ पर्यंत अकोल्यातच होता, त्यामुळे तो आमचाच, असं आम्ही परस्पर ठरवून टाकलं.

दिल्ली २९५. ध्रुव शोरेचे १४५. गुरबानीची हॅट्ट्रिक, तिघंही बोल्ड. रणजी फायनलच्या इतिहासातली ती फक्त दुसरी हॅट्ट्रिक. विदर्भ ५४७. अक्षय वाडकर नावाच्या तरुण कीपरनं १३३ काढले, त्याचं फर्स्ट क्लासमधलं पहिलंच शतक. आघाडी २५२ ची. आता इथं कॅप्टन-कोच आरामात वेळ काढू शकले असते, नियमानं कप जवळपास खिशात होता. पण दिल्लीला पुन्हा २८० मध्ये गुंडाळलं आणि १ जानेवारी २०१८ ला, एक दिवस शिल्लक ठेवून, नऊ विकेटनी मॅच संपवली.

पॅटर्न दिसायला लागला का? आघाडी हातात आहे म्हणून हा माणूस टीमला बसू देत नाही. ७५ च्या आघाडीवर बसल्यावर काय होतं ते त्यानं बंगळुरूत बघितलेलं आहे.

पुढच्या वर्षी पुन्हा फायनल, फेब्रुवारी २०१९, यावेळी घरी, जामठ्याला. समोर सौराष्ट्र, त्यांच्याकडे चेतेश्वर पुजारा. विदर्भ ३१२, सौराष्ट्र ३०७. आघाडी फक्त पाच रनांची! दुसऱ्या इनिंगमध्ये आपण २००, त्यात खाली येऊन आदित्य सरवटेचे ४९. मग त्याच सरवटेनं आपल्या डावखुऱ्या स्पिननं सहा विकेट काढल्या, सामन्यात अकरा. पुजाराला दोन्ही वेळा त्यानंच काढलं, एकदा एकवर आणि एकदा भोपळ्यावर. ७८ रननी जिंकलो. त्या सीझनला जाफरनं हजारावर रन केले, वय चाळीस. लगोलग इराणी कपही जिंकला, सलग दुसऱ्यांदा, आणि त्याचं बक्षीस टीमनं पुलवामाच्या शहिदांच्या कुटुंबांना दिलं. मॅच जिंकल्याच्या आनंदापेक्षा आमच्या गावात त्याची चर्चा जास्त झाली.

मार्च २०२० मध्ये पंडित मध्य प्रदेशकडे गेले. ज्या टीमचा कॅप्टन म्हणून हरले, त्या टीमचा कोच म्हणून. आणि २०२२ चा जून. फायनल. मैदान चिन्नास्वामी, बंगळुरू.

सिनेमावाले लगेच म्हणतील की नियती वगैरे. माझ्यातला इंजिनिअर म्हणतो, रणजीच्या बाद फेऱ्या ठरावीक आठ-दहा मैदानांवर होतात, त्यामुळे एखादं मैदान परत येण्याची शक्यता काही फार कमी नाही. पण तिथं उभ्या असलेल्या माणसाला शक्यतांचं गणित सांगून काय उपयोग?

समोर कोण, तर मुंबई. आणि मुंबईचा कोच अमोल मुजुमदार. म्हणजे दोन्ही डगआउटमध्ये आचरेकर सरांचे शिष्य. मुजुमदारनं फर्स्ट क्लासमध्ये अकरा हजारांवर रन केले आणि भारताकडून एकही मॅच खेळला नाही. ‘जवळजवळ’वाल्यांचा हा तर राजा. पुढे त्याचं काय झालं ते तुम्हाला माहीत आहे: नोव्हेंबर २०२५, नवी मुंबई, हरमनप्रीतच्या टीमनं महिलांचा वर्ल्ड कप जिंकला, कोच मुजुमदार. त्याच्यावर वेगळा भाग करायचा आहे, आज नाही.

मुंबई ३७४. मध्य प्रदेश ५३६, तीन शतकं: यश दुबे, शुभम शर्मा, रजत पाटीदार. आघाडी १६२. पाचवा दिवस नुसता काढला तरी कप मिळाला असता. मध्य प्रदेशनं मुंबईला २६९ मध्ये बाद केलं, १०८ चा पाठलाग केला आणि सहा विकेटनी जिंकले. मध्य प्रदेशची पहिली रणजी. पोरांनी पंडितांना खांद्यावर घेतलं आणि हा कडक मास्तर ढसाढसा रडला. तो व्हिडिओ नसेल बघितला तर बघा. कोच म्हणून सहावी रणजी: मुंबईच्या तीन, विदर्भाच्या दोन, मध्य प्रदेशची एक.

आता दुसरी बाजू, कारण नुसती आरती करायची नाही.

पंडितांची शिस्त प्रसिद्ध आहे. वेळ, कपडे, वागणं, सगळ्यावर नजर. आचरेकर सरांची शाळा. सचिन स्वतः सांगतो की मॅच सोडून दुसऱ्यांची मॅच बघायला गेला म्हणून सरांनी त्याला सर्वांसमोर थप्पड मारली होती. ती गोष्ट आपण फार कौतुकानं ऐकतो. मला ती ऐकताना दरवेळी थोडं अवघडल्यासारखं होतं. ज्या पोराला थप्पड बसली आणि जो पुढं सचिन झाला नाही, त्याची मुलाखत कोण घेतं?

२०२२ मध्ये पंडित केकेआरचे हेड कोच झाले. तिथं वातावरण वेगळं. नंतर डेव्हिड वीझा या परदेशी खेळाडूनं एका पॉडकास्टवर उघड सांगितलं की जगभर खेळून आलेल्या लोकांना काय घालायचं, कसं वागायचं हे सांगणारी ही लष्करी पद्धत जड गेली. २०२४ ला केकेआरनं आयपीएल जिंकली, हेड कोच पंडितच होते, पण हेडलाइन गौतम गंभीरची झाली, तो मेंटॉर होता. पुन्हा फोटोत कडेला. जुलै २०२५ मध्ये केकेआर आणि पंडित वेगळे झाले.

माझं मत विचाराल तर रणजीचा पोरगा आणि आयपीएलचा स्टार यांच्यात पैशाचा फरक तर आहेच, पण गरजेचाही आहे. ज्याला कुणी कधी गंभीरपणे घेतलंच नाही, त्याला कुणी कडक बोललं तर तो ते ‘माझ्यावर मेहनत घेतंय कुणीतरी’ असं ऐकतो. साठ वर्षं कुणाच्या खिजगणतीत नसलेल्या टीमला पंडित चालले ते मला यामुळे समजतं. करोडोंच्या बोलीवर आलेल्याला तेच वाक्य अपमान वाटतं, आणि त्याचंही पूर्ण चुकीचं नाही.

पंडित गेल्यावर विदर्भाचं काय झालं? मला विचाराल तर खरी परीक्षा ही. २०२३-२४ ला विदर्भ पुन्हा फायनलला, वानखेडेवर मुंबईकडून हरला. २०२४-२५ ला पुन्हा फायनल, जामठ्याला, केरळविरुद्ध. कोच उस्मान गनी, घरचा माणूस. कॅप्टन अक्षय वाडकर, इंदूरला शतक काढणारा तोच. हर्ष दुबेनं त्या सीझनला ६९ विकेट काढल्या, एका रणजी सीझनमधला विक्रम. दानिश मालेवारनं फायनलमध्ये १५३ काढले. आघाडी ३७ ची, मग शेवटच्या दिवशी आपण बॅटिंग करतच राहिलो, ९ बाद ३७५, मॅच ड्रॉ, कप आपला. पंडित असते तर वेळ काढलेला त्यांना आवडला असता का, हा वाद आमच्या ग्रुपवर अजून चालू आहे.

आणि त्या फायनलच्या दुसऱ्या इनिंगमध्ये विदर्भाकडून १३५ कुणी काढले, तर करुण नायरनं. ईडनवर आपल्याला १५३ मारणारा. दिल्लीकडून १४५ मारणारा ध्रुव शोरे? तोही आता विदर्भाचा. आणि सरवटे, ज्यानं जामठ्याला पुजाराला दोनदा काढलं होतं, तो त्या दिवशी त्याच जामठ्यावर केरळच्या टोपीत बोलिंग टाकत होता.